सातव्या ओळीत जाई

"वेळ?"

"पाच बारा."

तोडकरी सरांनी मान वर न करता गुणपत्रकात लिहिलं, ५.१२. चिंचोलीची सहावी पोर बाद झाली होती. मैदानावर शिट्ट्या, आरडाओरडा, धुरळा. सरांनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. चोवीस वर्षं ते तालुक्याच्या खो-खो सामन्यांना गुणलेखक म्हणून बसत होते आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. मूळचे चित्रकलेचे शिक्षक. अक्षर छापल्यासारखं. "डोळे वर केले की माझा हात चुकतो, मॅडम," ते मला म्हणाले होते. "तुम्ही बोलायचं, मी लिहायचं."

मी वेळाधिकारी होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. खो-खोत कोण किती वेळ पळत राहिलं यावर सगळा खेळ. पळणारी पोर बाद झाली की मी घड्याळ बघून वेळ मोठ्यानं सांगायची आणि सरांनी ती तिच्या नावापुढं लिहायची. एवढंच आमचं काम. पण ते आम्ही दोघं देवपूजेसारखं करायचो.

कुर्डुवाडीच्या मैदानावर त्या रविवारी मुलींचा अंतिम सामना होता. शेवटची पाळी. नऊ मिनिटांतली पावणेचार उरली होती आणि कन्याशाळेला जिंकायला अजून दोन पोरी बाद करायच्या होत्या. चिंचोलीची शेवटची तुकडी आत आली. गुणपत्रकात सातव्या क्रमांकाची ओळ रिकामी होती, वेळेची वाट बघत.

माझ्या मागं मांडवात आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या मांडीवर जाई. माझी लेक, दीड वर्षाची.

खरं तर मी त्या दिवशी जाणारच नव्हते. गुरुवारी जाईला चार उलट्या झाल्या होत्या. शुक्रवारपासून जुलाब. मी दर दोन तासांनी तिचा ताप बघत होते, वाटीनं मोजून जलसंजीवनी पाजत होते, लंगोट किती ओले झाले ते कॅलेंडरवर मांडत होते. ताप एकदाही आला नाही. शनिवारी संध्याकाळी तिनं पेज मागून खाल्ली आणि मांजराच्या मागं धावली. तरी माझा पाय निघेना.

"अगं जा," आत्याबाई म्हणाल्या. "मी येते तिला घिऊन. मांडवात सावलीला बसते. मलाबी फायनल बघायचीय."

"आत्या, पण तिला..."

"तिला काय झालंय? हागवण कुणाला होत न्हाय? गजेंद्राला तर दात येताना रोजची. तू लई चाचपतीस लेकराला, वैजू. ती काय वांगं हाय व्हय?"

गजेंद्र म्हणजे माझा नवरा. वीज मंडळात. तो लातूरला गेला होता, ट्रेनिंगला. म्हणून मग आम्ही तिघी निघालो. पिशवीत थर्मामीटर, उकळलेलं पाणी, सहा लंगोट आणि आत्याबाईंचा पानाचा डबा.

तर पाच बारा. मी पुन्हा घड्याळाकडं बघितलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"वैजू! वैजू गं! लेकराचं डोळं फिरलं!"

मी वळले. जाई आत्याबाईंच्या मांडीवर फळीसारखी ताठ झाली होती. मग तिचे हात झटके द्यायला लागले. मग पाय.

माझा अंगठा घड्याळावर होता. मी दाबला. घड्याळ शून्यावर आलं. परत दाबला. चालू.

सामन्याची वेळ पुसली गेली हे त्या क्षणी मला कळलंसुद्धा नाही.

आत्याबाईंनी पायातली चप्पल काढली होती. ती त्या जाईच्या नाकाशी नेत होत्या. "वास दिला की उतरती, सरक तू!"

"आत्या, चप्पल नको! खाली ठेवा तिला. कुशीवर. कुशीवर करा."

"अगं पर..."

"कुशीवर!"

तोवर गर्दी जमली. वडापाववाल्यानं कांदा फोडून आणला. कुणी म्हणालं, दातखीळ बसेल, चमचा घाला. कुणी म्हणालं, हातात लोखंड द्या. एकानं खरोखर मोटारसायकलची किल्ली पुढं केली. मला पंचांच्या शिबिरात शिकवलेलं एवढंच आठवत होतं की तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर ठेवायचं आणि वेळ बघायची. पण ते सांगायला आवाज पुरेना. मग मी शिट्टी ओठांत धरली आणि जीव खाऊन फुंकली. लांबलचक.

गर्दी मागं हटली. पण लांब शिट्टी म्हणजे पाळी संपली. मैदानावर पळणाऱ्या पोरी जागच्या जागी थांबल्या आणि पुढच्याच क्षणी चिंचोलीच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचायला लागल्या. कन्याशाळेच्या पोरी रडायला लागल्या. मुख्य पंच घोगरे सर दोन्ही हात हवेत धरून ओरडत होते, "कुणी वाजवली? कुणी वाजवली?"

मी जाईशेजारी गुडघ्यांवर बसले होते. "दोन्ही हात," मी म्हणत होते. "दोन्ही पाय. सारखेच. डोळे वर." कुणाला सांगत होते कोण जाणे. माझा तो मैदानावरचा आवाज होता, मोठा आणि सपाट. "सुटली. बावन्न सेकंद."

जाईचं अंग ढिलं पडलं. तिनं एक मोठा श्वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि रडायला लागली. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

माझ्या मागं टेबलाशी तोडकरी सरांचं पेन कागदावरून फिरलं.

चिंचोलीच्या पोरींना घेऊन आलेली जीप उभी होती. जीपवाल्या काकांनी कुणालाच न विचारता दार उघडलं. मी जाईला घेऊन मागं बसले, आत्याबाई शेजारी, एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. जीप निघाली. मैदान मागं पडलं तशा आत्याबाई बोलायला लागल्या.

"लेकराचं डोळं फिरलं आणि ही घड्याळ बघतीया."

मी जाईची मान माझ्या दंडावर सरळ केली.

"आई हाईस का कोण? मी म्हणते, घड्याळ बघायची ही येळ हाय का? उचलून उराशी धरायचं सोडून, बावन्न म्हणं! बावन्न काय? भाकरी हायत व्हय?"

"आत्या, डॉक्टर विचारतील."

"डॉक्टर इचारतील. पोरगी हातची गेली असती म्हंजी?"

स्टेशनच्या अलीकडं फाटक बंद होतं. मालगाडी येत होती, सावकाश, जगात कुणाला काही घाई नसल्यासारखी. जीपवाल्या काकांनी हॉर्न वाजवला. मालगाडीसाठी हॉर्न. आणि जाई पुन्हा ताठ झाली.

"सुरू," मी म्हणाले. मी तिला मांडीवरच कुशीवर केलं, मान जरा खाली. अंगठा घड्याळावर. "दोन्ही हात. दोन्ही पाय. ओठ जरा निळसर." डबे खडखडत जात होते. आत्याबाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं नामस्मरण चाललंय. "सुटली. अडतीस."

जाई रडली. मी श्वास सोडला. आत्याबाईंचे ओठ अजून हलतच होते.

"काय म्हणताय आत्या?"

"डबं मोजतीया. एकेचाळीस. दुसरं करू तरी काय मी?"

तेवढ्यात पुढच्या सीटवरून कागदाची कुरकुर आली. मी पाहिलं. जीपवाल्या काकांच्या शेजारी, मांडीवर लाकडी पॅड, पॅडला चिमट्यानं लावलेलं गुणपत्रक, हातात पेन, अशा अवस्थेत तोडकरी सर बसले होते.

"सर? तुम्ही कधी बसलात?"

"तुमच्याबरोबरच." सरांनी चष्मा वर ढकलला. त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. "तुम्ही उठलात तसा मी उठलो. वेळ तुम्ही सांगणार, तर मी तिथं कशाला बसू?"

फाटक उघडलं.

मुलांचा दवाखाना स्टेशन रोडवर होता. डॉक्टर नाझनीन मुजावर, वर्षभरापूर्वीच आलेल्या, माझ्याच वयाच्या. आम्ही पायरी चढतोय तोवर तिसऱ्यांदा. मी तिथंच फरशीवर बसले. "सुरू." नर्स धावत आली. डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या, जाईशेजारी उकिडव्या बसल्या आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या. "सुटली," मी म्हणाले. आणि किती सेकंद ते सांगितलं.

आत नेल्यावर त्यांनी जाईची मान वाकवून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. जाईनं त्यांचा स्टेथोस्कोप ओढला.

"ताप?"

"नाही. सहाला, आठला, दहाला बघितला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"उलट्या?"

"गुरुवारी चार. नंतर नाहीत. जुलाब काल सहा, आज दोन. लघवी होतेय, सकाळपासून तीनदा."

डॉक्टरबाईंनी मान वर करून माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "छान. झटके किती आले? आत्ताचा धरून?"

"तीन."

"पहिला किती वेळ होता?"

आणि माझ्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. मी हातातल्या घड्याळाकडं बघितलं. ०.००. पायरीवर उठताना अंगठा लागला असणार. पहिला किती? दुसरा किती? कोणत्या पोरीनं कोणत्या सामन्यात किती वेळ पळून दाखवलं ते तीन-तीन वर्षं माझ्या लक्षात राहायचं, आणि आता एकही आकडा आठवेना.

"अर्धा तास तरी असंल," आत्याबाई म्हणाल्या.

"दहा मिनटं," दारातून जीपवाले काका म्हणाले. "फाटकापाशी धा आन मैदानात पंधरा."

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. अर्ध्या तासाची आकडी आणि मिनिटभराची आकडी यांत किती अंतर असतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या नर्सला काहीतरी सांगायला वळल्या.

"माफ करा," तोडकरी सर म्हणाले. ते जीपवाल्या काकांच्या बगलेखालून आत आले आणि त्यांनी पॅड टेबलावर ठेवलं. "हे बघता का?"

डॉक्टरबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे काय आहे?"

"गुणपत्रक."

"चिंचोली कोण?"

"ती सोडा. सातवी ओळ बघा."

सातव्या ओळीत, जिथं चिंचोलीच्या सातव्या पोरीची वेळ यायची, तिथं लिहिलं होतं, ०.५२. तिच्या खाली, आठव्या ओळीत, ०.३८. नवव्यात, ०.४५. आणि शेऱ्याच्या रकान्यात, छापल्यासारख्या अक्षरात : दोन्ही हात, दोन्ही पाय, सारखेच, डोळे वर. ओठ जरा निळसर. पुढं घड्याळातली वेळसुद्धा, १०.४७, १०.५८, ११.१२. सरांच्या मनगटावरचं घड्याळ बघून.

"हे तुम्ही का लिहिलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सर गोंधळले. "मॅडमनी वेळ सांगितली," ते म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या. दवाखान्यात शिरल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं. "म्हणजे तिन्ही मिनिटाच्या आतले. अंगाच्या दोन्ही बाजू सारख्या. मधल्या वेळात शुद्धीवर, ताप नाही, जुलाबाचा तिसरा दिवस." त्या माझ्याकडं वळल्या. "आधी रक्त बघू. साखर आणि क्षार. ते बरोबर निघाले, तर मला काय वाटतंय ते सांगते. तोवर घाबरू नका म्हणणार नाही, घाबरालच. पण बसा."

साखर लगेच बघितली, ठीक होती. बाकीच्या तपासणीला दोन तास लागणार होते. तोडकरी सरांचा फोन वाजला. घोगरे सरांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"तोडकरी सर, गुणपत्रक कुठंय?"

"माझ्याजवळ."

"तुम्ही कुठं आहात?"

"दवाखान्यात."

"पोरगी कशी आहे?"

"शुद्धीवर आहे. रक्त नेलंय."

"बरं. देव करो. अहो, पण किती वेळ राहिला होता? इथं दोन्ही गावं माझ्या अंगावर आलीत. चिंचोली म्हणते शिट्टी झाली, आम्ही जिंकलो. कन्याशाळा म्हणते, घड्याळ दाखवा."

सरांनी फोन माझ्यापुढं धरला. मी रिकाम्या घड्याळाकडं बघितलं. "सर, मी पुसलं," मी म्हणाले. "मला आठवत नाही."

पलीकडं दोन्ही गावांचा गलका. मग घोगरे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लेकीकडं बघा. ह्यांचं मी बघतो." आणि फोन बंद करायच्या आधी त्यांचा मैदानावरचा आवाज आला, "ए, पळा घरी! पुढच्या रविवारी परत!"

मग वाट बघणं. जाई माझ्या मांडीवर झोपली. आत्याबाई पलंगाच्या कडेला, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सर खुर्चीवर, पॅड मांडीवर.

"मीच म्हणलं ये म्हणून," आत्याबाई एकदम बोलल्या. "तू नगं म्हणत हुतीस."

"आत्या, घरीसुद्धा झालंच असतं."

"माझी धाकटी बहीण हुती, सोनी. तुला म्हाईत न्हाय. गजेंद्रालाबी म्हाईत न्हाय." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "लगीन झालं आन सहा महिन्यांत तिला चुलीपुढं आकडी आली. दुसऱ्या दिवशी गाडीत घालून आणून सोडली. फेफऱ्याची पोर गळ्यात बांधली म्हणाले. परत न्हाय नेली. पंचवीस वर्सं ती आमच्या आईच्या चुलीपुढंच बसली." त्यांनी जाईच्या कपाळावरचे केस मागं सारले. "म्हणून म्हणते, कुणाला सांगू नगंस. मैदानात सगळ्यांनी बघितलं त्याला इलाज न्हाय. पर हे लिहिलेलं तेवढं फाडून टाकाय सांग सरांना."

सर पॅडवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी हात हलवले नाहीत.

नर्स आली. खालच्या दुकानातून सलाईनचं सामान आणायचं होतं. मी जाईला अलगद पलंगावर ठेवलं. "दोन मिनिटांत येते," म्हणाले. हातातलं घड्याळ तसंच माझ्याबरोबर खाली गेलं.

दुकानात गर्दी होती. मी सामान घेतलं, जिन्याच्या चार पायऱ्या चढले आणि वरून आवाज ऐकू आला. मोठा, एका सुरातला.

"सतरा. अठरा. एकुणीस. ईस."

मी धावले.

जाई पलंगावर कुशीवर होती. तिच्या पाठीशी उशी लावलेली. हातपाय झटके देत होते. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली असावी. चप्पल खाली होती, दोन्ही, पलंगाखाली शेजारी शेजारी. आत्याबाई वाकून उभ्या होत्या, एक हात जाईच्या पाठीवर, आणि मोजत होत्या. त्यांना घड्याळ वाचता येत नाही. पण मोजायला घड्याळ कुठं लागतं.

"सव्वीस. सत्तावीस."

त्यांचे डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नाहीत, घट्ट आवळलेले, सगळा चेहरा चुरगाळून. आकडे मात्र सरळ येत होते.

मी दारातच थांबले.

मैदानावर मी घड्याळ का बघितलं, हे मला तोवर माहीत नव्हतं. शिबिरात शिकले म्हणून, सवय म्हणून, असं वाटत होतं. पुढं गावभर लोक तेच म्हणाले, मॅडम काय धीराच्या, लेक तडफडतेय आणि हात हलला नाही! आत्याबाईंच्या त्या आवळलेल्या डोळ्यांकडं बघून मला कळलं. जाईच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं मला. दुसरीकडं कुठंतरी बघायला हवं होतं, आणि तिथं घड्याळ होतं.

"तेहतीस. चौतीस." आत्याबाईंचा हात थांबला. "सुटली."

"चौतीस," तोडकरी सर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

आत्याबाईंनी डोळे उघडले. मी दिसले. त्या मटकन पलंगावर बसल्या.

"वैजू," त्या म्हणाल्या, "डोळं उघडं ठिवून कसं गं मोजतीस तू?"

"मी कुठं बघत होते आत्या? मी घड्याळ बघत होते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि मीही. मध्ये जाई, आम्हाला बघून तीही भोकाड पसरून. डॉक्टरबाई धावत आल्या तेव्हा खोलीत फक्त तोडकरी सर कोरडे होते, आणि तेही चष्मा पुसत होते.

डॉक्टरबाईंनी जाईला एका औषधाचा अगदी छोटा डोस दिला. एकदाच. त्यानंतर झटका आला नाही. दुपारी रक्ताचा कागद आला. सगळं बरोबर.

"आता सांगते," त्या म्हणाल्या आणि मुद्दाम आत्याबाईंच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "आजी, पोटात विषाणू शिरला की या वयाच्या काही लेकरांना असे झटके येतात. ताप नसतानाही. एका दिवसात तीन-चार येतात, आखूड आखूड, आणि जुलाब थांबतात तसे तेही थांबतात. आज इथं ठेवून घेते, नजरेखाली राहील. पण मला हे फेफरं वाटत नाही."

"पुन्यांदा?"

"शक्यता फार कमी. आलाच तर घेऊन या. रोजच्या गोळ्या लागणार नाहीत."

"लग्नात सांगावं लागंल?"

डॉक्टरबाई हसल्या. "दीड वर्षाची आहे हो."

"आत्ता हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ऱ्हाणार हाय व्हय?" मग त्या जरा पुढं झुकल्या. "आन बाई, माझ्या बहिणीला जे हुतं... तिला गोळ्यांनी बरं वाटलं असतं?"

डॉक्टरबाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "बऱ्याच जणांना वाटतं," त्या म्हणाल्या. "आणि ते असलं, तरी घरी आणून सोडण्यासारखं त्यात काही नसतं."

आत्याबाईंनी मान हलवली. मग त्या तोडकरी सरांकडं वळल्या.

"सर, ते फाडू नगासा."

"मी फाडणारच नव्हतो," सर म्हणाले. "सरकारी कागद आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. गजेंद्र पहाटेच लातूरहून पोचला होता. त्याला आत्याबाईंनी सगळी हकीकत सांगितली, आणि त्या हकीकतीत चारही झटके त्यांनीच मोजले होते. पुढच्या रविवारी शेवटची पाळी पहिल्यापासून खेळली गेली. कन्याशाळा एका गुणानं हरली. त्यांची कर्णधार आता कुर्डुवाडीत पोलीस आहे आणि बाजारात भेटली की अजून म्हणते, "मॅडम, तुमच्या पोरीनं आमचा कप घालवला." तालुक्याला द्यायला तोडकरी सरांनी नवीन गुणपत्रक केलं. जुनं, झेरॉक्स काढून डॉक्टरबाईंच्या फायलीला लावून, मला आणून दिलं.

याला आता बारा वर्षं झाली. जाईला पुन्हा कधी काही झालं नाही. तिला खो-खोचीही काडीइतकी आवड नाही. ती चित्रं काढते, दुपारी बारापर्यंत झोपते आणि धावायचं म्हटलं की तिचा पाय दुखतो.

परवा कपाटातली कागदपत्रं लावताना तिला ते गुणपत्रक सापडलं. ती ते हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. आत्याबाई खाली बसून शेंगा फोडत होत्या, मी कणीक मळत होते.

"आई, हे काय? ह्यात माझं नाव कसं?"

मी हात धुऊन बघितलं. सातवी ओळ, आठवी, नववी. चौथी वेळ लिहायला ओळच उरली नव्हती, म्हणून सरांनी खाली मोकळ्या जागेत आखून घेतली होती. ०.३४, आणि कंसात, वेळाधिकारी : आत्याबाई. चारही ओळींना मिळून एक महिरपी कंस, त्याच्यापुढं लिहिलेलं, जाई. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं पोर कशी बाद झाली ते लिहितात, तिथं एकच शब्द होता. तो सरांनी कधी लिहिला ते मला आजवर माहीत नाही. नाबाद.

"मी कधी खेळले?" जाई म्हणाली. "मला तर खो-खो येतसुद्धा नाही."

आत्याबाईंनी शेंगेचं टरफल पाटीत टाकलं.

"येक डाव खेळलीस," त्या म्हणाल्या. "चारदा घेरलं तुला. गावली न्हाईस."